कंत्राटी नोकरीच्या मुलाखतीनंतरची शांतता: निकाल विचारू नका, कागद कुठे अडला ते विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही डोंबिवलीला राहता, सॉफ्टवेअर टेस्टिंगचा आठ वर्षांचा अनुभव आहे, सध्या ऐरोलीत एका एजन्सीच्या पेरोलवर काम करता आणि तो करार ३१ मार्चला संपतो. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका बँकेच्या कंत्राटी जागेसाठी ५ मार्चला दुसऱ्या एजन्सीमार्फत तुमची मुलाखत झाली, दोन्ही फेऱ्या एकाच दिवशी पार पडल्या, पॅनेल समाधानी दिसले आणि दरमहा १,१५,००० रुपये हा आकडाही बोलण्यात आला. त्यानंतर पंधरा दिवस एजन्सी फोनवर एवढेच सांगत आहे की सिलेक्शन झाल्यातच जमा आहे, फक्त पेपरवर्क बाकी आहे, पाडव्यापर्यंत नक्की होईल, तोवर दुसरीकडे शब्द देऊ नका. दरम्यान ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीने कायम नोकरीचे ऑफर लेटर दिले आहे. पगार वर्षाला ११,४०,००० रुपये, म्हणजे महिन्याला ९५,०००, आणि उत्तर येत्या बुधवारपर्यंत हवे आहे. थांबावे की नाही, आणि एजन्सीला किती वेळा विचारलेले बरे दिसते, हे तुम्ही विचारले आहे. घरात सगळे रोज तेच विचारतात आणि तुमच्याकडे सांगण्यासारखे काही नसते, असेही तुम्ही लिहिले आहे. ते वाक्य वाचून हे उत्तर सविस्तर लिहावेसे वाटले.

मी गेली अठरा वर्षे अंधेरी पूर्वेला स्टाफिंगच्या व्यवसायात आहे. आधी रिक्रूटर म्हणून आणि आता बँका व विमा कंपन्यांना कंत्राटी माणसे पुरवणाऱ्या गटाची प्रमुख म्हणून काम करते, म्हणजे तुम्हाला ज्या बाजूने फोन येतो त्या बाजूला मी बसते. माझे उत्तर आधीच सांगते. या पंधरा दिवसांच्या शांततेवरून तुमच्या मुलाखतीविषयी कोणताही निष्कर्ष काढू नका, कारण कंत्राटी भरतीतली शांतता बहुतेक वेळा उमेदवाराविषयी नसतेच. ती कोणाच्या तरी टेबलावर थांबलेल्या कागदाविषयी असते. म्हणून माझे काय झाले असे न विचारता कागद आता कोणाकडे आहे असे विचारा, आणि मंगळवार संध्याकाळपर्यंत त्याचे नेमके उत्तर मिळाले नाही तर बुधवारी ठाण्याची नोकरी स्वीकारा.

हे असे का म्हणते ते समजण्यासाठी कागदाचा प्रवास पाहावा लागेल. कायम नोकरीत मुलाखत घेणारी आणि पगार देणारी कंपनी एकच असते. कंत्राटात बँकेतला जो टेस्टिंग मॅनेजर तुम्हाला प्रश्न विचारतो त्याच्या हातात फक्त हा माणूस मला चालेल एवढे म्हणणे असते. माणूस वाढवण्याची मंजुरी त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडून यावी लागते, दर प्रोक्युरमेंट, म्हणजे खरेदी विभाग ठरवतो, तरतूद शिल्लक आहे की नाही हे फायनान्स पाहते, आणि या सगळ्यानंतर एजन्सीच्या नावाने पर्चेस ऑर्डर, म्हणजे आमच्या बोलण्यातला पीओ, निघतो. पुष्कळदा बँक आणि तुमची एजन्सी यांच्यामध्ये एखादी मोठी आयटी कंपनी असते आणि तुमची एजन्सी तिची सब-व्हेंडर, म्हणजे उपपुरवठादार असते. मग बँकेचा पीओ त्या कंपनीला आणि त्या कंपनीचा पीओ एजन्सीला, असे दोन टप्पे होतात. तुमच्याशी बोलणारी रिक्रूटर या साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला असते आणि वर काय चालले आहे हे तिलाही बऱ्याचदा ठाऊक नसते.

आमच्या पडद्यावर दिवसभर एक एक्सेल शीट उघडी असते. प्रत्येक उमेदवाराची एक ओळ असते: नाव, अनुभव, सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पिरियड आणि शेवटच्या रकान्यात स्थिती. ही स्थिती सबमिटेड, स्क्रीन सिलेक्ट, एल वन क्लिअर (पहिली फेरी पार), एल टू क्लिअर (दुसरी फेरी पार), रेट कन्फर्मेशन, पीओ अवेटेड आणि ऑनबोर्डेड अशा क्रमाने पुढे सरकते. एल टू क्लिअर झाले की ती ओळ हिरवी करतात आणि रिक्रूटर त्या हिरव्या रंगावरूनच उमेदवाराला सिलेक्शन झाल्याचे कळवते. तिच्या दृष्टीने ते खरेही असते, कारण मुलाखतीचा भाग तिथे संपलेला असतो. पण त्यापुढे दर आणि पीओ या दोन पायऱ्या उरलेल्या असतात, त्यांच्यावर ना तिचे नियंत्रण असते ना तुमचे, आणि हिरव्या झालेल्या ओळी सर्वांत जास्त तिथेच अडकून पडतात. दर सोमवारी क्लायंटच्या व्हेंडर मॅनेजरबरोबर, म्हणजे तिथे एजन्सींचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याबरोबर, आमचा कॉल असतो. वीस-पंचवीस ओळी अर्ध्या तासात वाचल्या जातात आणि तुमच्या ओळीच्या वाट्याला कदाचित अर्धे मिनिट येते. फीडबॅक पेंडिंग हे शब्द त्या अर्ध्या मिनिटातून येतात. त्यामागे तुमची कोणतीही चूक शोधत बसू नका.

तुमच्या बाबतीत महिना मार्चचा आहे, आणि ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि कंत्राटी माणसांचे पीओ बहुधा त्या वर्षापुरतेच काढलेले असतात. तुमचा ऐरोलीचा करार नेमका ३१ मार्चलाच संपतो तोही त्यामुळेच. मार्चच्या उत्तरार्धात कोणताही प्रोक्युरमेंट विभाग एप्रिलपासूनच्या माणसासाठी जुन्या वर्षाच्या तरतुदीतून पीओ काढायला तयार नसतो, आणि नव्या वर्षाची तरतूद विभागाच्या हातात पडायला एप्रिलचा पहिला, कधी दुसरा पंधरवडा उजाडतो. बँकेत याच्या जोडीला वर्षअखेरीचे क्लोजिंग असते. या दिवसांत बँका आपल्या सिस्टिममध्ये नवे बदल थांबवतात, त्याला चेंज फ्रीझ म्हणतात, आणि तुमची मुलाखत घेणारा मॅनेजर रात्री उशिरापर्यंत त्याच कामात असतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मुलाखत उरकून घेणे आणि प्रत्यक्ष माणूस एप्रिलच्या अखेरीस घेणे हा प्रकार मी दर वर्षी पाहते. त्यामुळे तुम्हाला सांगितलेली पाडव्याची तारीख ही केवळ दिलासा देणारी तारीख आहे. मंजुरीच्या कोणत्याही वेळापत्रकातून ती आलेली नाही.

वर्षात आणखी काही वेळा असे होते. परदेशी कंपन्यांचे आर्थिक वर्ष पुष्कळदा जानेवारी ते डिसेंबर असते, त्यामुळे त्यांच्या कामांवरच्या जागा डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हलत नाहीत; आणि मुंबईत गणपतीच्या व दिवाळीच्या आठवड्यात मंजुरी देणारी माणसेच जागेवर नसतात. या काळात दहा कामाचे दिवस शांततेत गेले तर मी उमेदवाराला काळजी करू नका असे मनापासून सांगते. एरवी मात्र दहा कामाच्या दिवसांनंतर चौकशी करावी आणि तीन आठवडे काहीच हलले नाही तर ती जागा थंड झाली असे धरून चालावे, असा माझा अनुभव आहे.

बँकेच्या जागेत आणखी एक विलंब असतो आणि तो योग्यच आहे. रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ रोजी आयटी सेवांच्या आउटसोर्सिंगविषयी सविस्तर निर्देश काढले आणि ते १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले. काम बाहेरच्या कंपनीकडून करून घेतले तरी जबाबदारी बँकेचीच राहते, हे त्यांचे मूळ सूत्र आहे. साहजिकच बँका व्हेंडरच्या माणसाला लॉगिन देण्याआधी त्याची पार्श्वभूमी बारकाईने तपासून घेतात. शिक्षण, आधीच्या नोकऱ्या, पत्ता आणि काही ठिकाणी पोलिसांची चारित्र्य पडताळणी अशी ही बीजीव्ही, म्हणजे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, दोन-तीन आठवडे सहज घेते. पण लक्षात घ्या, ती सुरू झाली असेल तर तुम्हाला कळल्याशिवाय राहणार नाही, कारण तिच्यासाठी तुमची संमती आणि तुमचे कागद लागतात.

इथेच तुमच्या प्रश्नातले एक वाक्य मला खटकले. मुलाखतीनंतर एजन्सीने एकही कागद मागितलेला नाही, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या दृष्टीने पॅनेलच्या चेहऱ्यावरच्या समाधानापेक्षा ही खूण जास्त बोलकी आहे. ज्या उमेदवाराचा कागद खरोखर पुढे सरकला आहे त्याच्याकडे आम्ही पॅन, यूएएन (भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक), शेवटच्या तीन पगारांच्या पावत्या आणि बीजीव्हीचा फॉर्म दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच मागतो, कारण पीओ आल्यावर धावपळ नको असते. पंधरा दिवसांत हे मागितले गेले नाही, याचे दोनच अर्थ संभवतात. एक, जागेला अजून मंजुरीच नाही. दुसरा अर्थ एजन्सी सहसा बोलून दाखवत नाही: बँकेने तीन एजन्सींचे तीन उमेदवार पाहिले, पहिली पसंती दुसऱ्याच कोणाला दिली, तो माणूस आता नोटीस पिरियड पूर्ण करतो आहे, आणि तो प्रत्यक्ष रुजू होईपर्यंत तुम्हाला राखीव ठेवले आहे. यात तुमचा अपमान नाही. दुसऱ्या पसंतीचा माणूस रुजू झालेला मी कितीतरी वेळा पाहिला आहे, कारण पहिल्या पसंतीचे लोक शेवटच्या दिवशी मागे फिरतात. पण त्या शक्यतेवर हातातली नोकरी सोडता येत नाही.

एजन्सीच्या 'दुसरीकडे शब्द देऊ नका' या वाक्याविषयी मी अधिकाराने बोलू शकते, कारण मी स्वतः ते वाक्य वापरले आहे. मला नोकरीला लागून तीन-चार वर्षे झाली होती. अंबरनाथचा एक सपोर्ट इंजिनिअर एका खासगी वित्तसंस्थेच्या जागेसाठी निवडला गेला होता, मार्चचाच महिना होता, आणि तिथल्या मॅनेजरने मला फोनवर पक्के समजा असे सांगितले होते. माझे महिन्याचे टार्गेट एका माणसाने कमी पडत होते. मी त्या मुलाला काम झाले आहे, राजीनामा टाका असे सांगितले, आणि त्याने त्याच संध्याकाळी टाकला. एप्रिलमध्ये त्या संस्थेने सहा जागांच्या चारच केल्या आणि वगळलेल्या दोघांत तो होता. जुन्या कंपनीने त्याच्या जागी माणूस घेतलेला होता. तो अडीच महिने घरी बसला. त्याच्या वडिलांनी मला एकदा फोन केला. ते रागावले नाहीत. मॅडम, नक्की काय बोलणे झाले होते, तेवढे सांगा, असे त्यांनी विचारले, आणि माझ्याकडे दाखवायला एका ओळीचाही मेल नव्हता. त्या दिवसापासून पीओचा क्रमांक समोर असल्याशिवाय मी कोणालाही काम झाले असे सांगत नाही, आणि माझ्या गटातल्या मुलींनाही सांगू देत नाही. तुमची रिक्रूटर खोटे बोलते आहे असे माझे म्हणणे नाही. ती कदाचित तिला सांगितले गेलेलेच प्रामाणिकपणे पुढे सांगत असेल, जसे मीही तेव्हा सांगितले होते. म्हणूनच तिच्या शब्दाची जागा कागदाने घेतली पाहिजे.

आता विचारायचे कसे, ते सांगते. रोज फोन करू नका आणि व्हॉट्सॲपवर नुसते एनी अपडेट असे पाठवू नका, कारण त्याला नो अपडेट एवढेच उत्तर मिळते आणि तुमचा आणखी एक दिवस जातो. एकच मेल पाठवा, रिक्रूटरला आणि तिच्या अकाउंट मॅनेजरलाही. मेल नेहमीप्रमाणे इंग्रजीत असू द्या, पण त्यातला आशय असा असावा: '५ मार्चच्या मुलाखतीनंतर पुढच्या टप्प्याची मी वाट पाहत आहे. कृपया तीन गोष्टी कळवाव्यात. क्लायंटने माझी निवड आपल्याला लेखी कळवली आहे का? दर प्रोक्युरमेंटकडून मंजूर झाला आहे का? पीओ निघाला आहे का, आणि निघाला नसल्यास तो सध्या कोणाच्या मंजुरीसाठी थांबला आहे व रुजू होण्याची संभाव्य तारीख काय आहे? माझ्याकडे दुसरी ऑफर असून तिला बुधवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे, म्हणून मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत उत्तर मिळाल्यास मला आपल्याकडील जागेचा विचार करता येईल.' यात विनवणी नाही आणि धमकीही नाही. असा मेल आला की आम्ही तो जसाच्या तसा क्लायंटच्या व्हेंडर मॅनेजरकडे पाठवू शकतो, आणि बुधवारची तारीख पाहून तोही मॅनेजरला फोन करतो. फोनवरची चौकशी अशी पुढे पाठवता येत नाही. शक्यतो हा मेल सोमवारच्या कॉलच्या आधी पोहोचेल असा पाठवा.

उत्तर कसे वाचायचे तेही सांगते. बिझनेस हेडची मंजुरी आली आहे, फाइल प्रोक्युरमेंटकडे गेली आहे, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पीओ अपेक्षित आहे, असे उत्तर आले तर ते खरे असण्याची शक्यता मोठी आहे, कारण त्यात माणूस, विभाग आणि काळ तिन्ही आहेत. लवकरच कळवू, आमच्याकडून सगळे पॉझिटिव्ह आहे, असे आले तर शीटमध्ये तुमची ओळ हिरवी आहे आणि त्यापुढे काही नाही, असे समजा. उत्तरच आले नाही तर मंगळवारी दुपारी एक फोन जरूर करा, पण तोही याच तीन प्रश्नांसाठी.

मुलाखत घेणाऱ्या मॅनेजरला लिंक्डइनवर थेट विचारावे का, असेही तुमच्या मनात आले असेल. कायम नोकरीत मी हो म्हटले असते. कंत्राटी जागेत नको म्हणते. दर आणि निवड यांविषयी बोलण्याचा मार्ग क्लायंट आणि एजन्सी यांच्या करारात ठरलेला असतो, आणि उमेदवाराने तो ओलांडला की मॅनेजर संकोचतो आणि एजन्सीशी असलेला तुमचा विश्वास तुटतो. भेटीबद्दल आभार मानणारा दोन ओळींचा निरोप मात्र चालतो. याहून मोठी चूक म्हणजे शांततेला कंटाळून त्याच जागेसाठी दुसऱ्या एजन्सीला सीव्ही देणे. एकाच उमेदवाराचे नाव दोन एजन्सींकडून आले की हा उमेदवार कोणाचा असा वाद उभा राहतो, आणि तो मिटवत बसण्यापेक्षा क्लायंट तिसऱ्याच माणसाला घेतो. पहिल्या एजन्सीचा तुमच्या नावावरचा हक्क त्या क्लायंटपुरता तीन ते सहा महिने मानला जातो. म्हणून कोणत्याही एजन्सीला सीव्ही देताना तो कोणत्या क्लायंटच्या कोणत्या जागेसाठी जातो आहे, हे मेलवर लिहून घेत चला.

आता पैशाचे पाहू, कारण महिन्याला वीस हजारांचा फरक तुम्हाला थांबवून धरतो आहे. दोन्ही आकडे सीटीसीचे, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचे आहेत असे धरते. कंत्राटाचे १,१५,००० रुपये बारा महिने अखंड मिळाले तर १३,८०,००० होतात आणि ठाण्यापेक्षा २,४०,००० जास्त दिसतात. पण कंत्राटाचे वर्ष क्वचितच बारा महिन्यांचे असते. ३१ मार्चला तुमचा करार संपणार आणि बँकेचा पीओ सगळे सुरळीत झाले तरी एप्रिलच्या मध्याला येणार. त्यानंतर बीजीव्ही, मग लॅपटॉप आणि लॉगिन, म्हणजे मेच्या मध्याआधी पगार सुरू होईल असे मी मानत नाही. साडेदहा महिन्यांचे १२,०७,५०० रुपये होतात आणि फरक वर्षाला ६७,५०० वर येतो. त्यातून बिनपगारी रजा वजा करा, कारण एजन्सीच्या पेरोलवर रजा मोजक्याच असतात आणि काही क्लायंट हजर दिवसांचेच बिल मान्य करतात. आईवडिलांचा आरोग्य विमा ठाण्याची कंपनी देत असेल आणि एजन्सी देत नसेल, तर उरलेला फरक तिथेच मिटण्याची शक्यता आहे. उलट बाजूने पाहायचे तर ११,४०,००० मिळवण्यासाठी कंत्राटात जवळजवळ दहा महिने काम मिळाले पाहिजे. आणि प्रोक्युरमेंटने शेवटच्या क्षणी दर उतरवला, जे मार्च-एप्रिलमध्ये वारंवार होते, व एजन्सीने तुम्हाला १,०५,००० वर याल का असे विचारले, तर तेच गणित अकरा महिन्यांच्या जवळ जाते. हा फोन येणार असे धरून आपला किमान आकडा आजच कागदावर लिहून ठेवा; फोन चालू असताना ठरवायला बसलात तर पंधरा दिवसांचा थकवा तुमच्याकडून हो म्हणवून घेईल.

कंत्राटी काम वाईट असते असा याचा अर्थ नाही. बँकेच्या पेमेंट सिस्टिमवर दीड वर्ष टेस्टिंग केलेल्या माणसाचा पुढचा दर वेगळाच असतो, आणि तुम्ही सध्याच्या नोकरीत निश्चिंत असता, तर मी तुम्हाला एप्रिलअखेरपर्यंत शांतपणे वाट पाहा असेच सांगितले असते. तुमच्या बाबतीत ३१ मार्चनंतर पगार थांबतो, म्हणून उत्तर बदलते.

वागळे इस्टेटच्या कंपनीशी बोलताना एक करता येईल. निर्णयासाठी आणखी आठ दिवस मागू नका. तसे मागितले की तुम्ही दुसरे काही पाहत आहात हे त्यांना लगेच समजते. रुजू होण्याची तारीख विचारा. ३१ मार्चपर्यंत सध्याच्या कामात आहे, हँडओव्हर नीट करायचा आहे, १५ एप्रिलला रुजू झालो तर चालेल का, असे विचारण्यात काही गैर नाही आणि ते खरेही आहे. मात्र ऑफर स्वीकारून मनात बँकेची वाट पाहत राहायची आणि पीओ आला की रुजू होण्याच्या आदल्या दिवशी फोन बंद ठेवायचा, असे कृपा करून करू नका. आमच्याकडे अशा नावांपुढे बॅकआउट असा शेरा पडतो आणि तो वर्षानुवर्षे पुसला जात नाही. त्या कंपनीने तुमच्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी नाही म्हटलेले असते, हेही मला विसरता येत नाही. स्वीकारल्यानंतर मन खरोखर बदलले, तर निदान पंधरा दिवस आधी, मेलवर आणि फोनवर, दोन्हीकडे सांगा.

मंगळवारी एजन्सीकडून एखादा कागद आलाच, तर तो कोणता आहे हे नीट पाहा. लेटर ऑफ इंटेंट, सिलेक्शन कन्फर्मेशनचा मेल आणि नेमणुकीचे पत्र हे तीन वेगळे कागद आहेत. पहिल्या दोन कागदांवर सहसा रुजू होण्याची तारीख नसते आणि पगार देण्याचे बंधनही नसते. नेमणुकीच्या पत्रात तारीख, पगाराची फोड, करार किती महिन्यांचा आहे आणि तो कोण किती दिवसांच्या नोटिशीवर संपवू शकतो, एवढे वाचल्याशिवाय सही करू नका. तुमच्यासाठी तीस दिवस आणि क्लायंटसाठी सात दिवस, अशी कलमे मी पाहिली आहेत. क्लायंटची मंजुरी किंवा बीजीव्ही यांच्या अधीन राहून, असे शब्द बहुतेक पत्रांत असतात आणि ते अपरिहार्य आहेत, पण त्यांचा अर्थ एवढाच की तो टप्पा पूर्ण होईपर्यंत पत्र हातात असूनही जागा पक्की नाही. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे कोणताही प्रस्ताव समोरच्याने स्वीकारल्याचे पाठवण्याआधी मागे घेता येतो. म्हणून पत्र योग्य वाटले तर स्वीकृतीचा मेल त्याच दिवशी पाठवा. आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते: या वाट पाहण्याच्या काळात रजिस्ट्रेशन, लॅपटॉपची अनामत किंवा बीजीव्हीचा खर्च म्हणून कोणी तुमच्याकडे एक रुपयाही मागितला, तर देऊ नका. प्रामाणिक एजन्सी आपला मोबदला क्लायंटकडून घेते. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा.

बुधवारपर्यंत नुसते फोनकडे पाहत बसण्यापेक्षा कागदांची फाइल लावा. ती दोन्ही नोकऱ्यांसाठी लागणार आहे. सर्व जुन्या एजन्सींची रिलीव्हिंग लेटर, फॉर्म १६, पगाराच्या पावत्या आणि मुंबई विद्यापीठाचे पदवी प्रमाणपत्र एकत्र करा. अनेकांकडे फक्त गुणपत्रिका असतात, आणि मग बीजीव्ही चालू असताना कलिन्याला फेऱ्या माराव्या लागतात. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या, म्हणजे ईपीएफओच्या संकेतस्थळावर आपल्या यूएएनची सर्व्हिस हिस्ट्री उघडून प्रत्येक नोकरीची रुजू होण्याची आणि सोडल्याची तारीख सीव्हीशी ताडून पाहा. कंत्राटी माणसांच्या बाबतीत इथे हमखास घोळ असतो. जुन्या एजन्सीने सोडल्याची तारीख भरलेलीच नसते आणि तपासणीत तुम्ही एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरी करत होता असे दिसते. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की ही तारीख सदस्याला स्वतःच्या लॉगिनमधून भरता येते. जुन्या नोंदी आजच तपासा, आणि ऐरोलीच्या एजन्सीची नोंद जूनच्या पहिल्या आठवड्यात उघडून पाहा. तिने तोवर ३१ मार्च ही तारीख भरलेली नसेल तर ती तुम्हीच भरा.